हार्ट भरपूर, ऑर्डर शून्य: एट्सीवरच्या कलेक्शनचं खरं गणित



एट्सीवर दुकान उघडून दोन-तीन महिने झाले की जवळजवळ प्रत्येकाकडून मला हा प्रश्न येतो: "हार्ट येतायत, कोणीतरी वस्तू कलेक्शनमध्ये पण टाकलीय, मग ऑर्डर का येत नाही?" आणि त्याला जोडून दुसरा: "आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे एकमेकांना हार्ट देतात. मी पण देऊ का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नको. का नको, ते नीट कळायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल, कारण हा खेळ एट्सीवर पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर खेळून झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एट्सी ही हाताने बनवलेल्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ. २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झाली. सुरुवातीपासून तिथे एक अडचण होती, आणि ती तुमच्या-माझ्यासारख्या छोट्या विक्रेत्याचीच अडचण आहे. लाखो वस्तूंच्या ढिगात माझी वस्तू दिसणार कशी? तेव्हा सर्चमध्ये नवीन लिस्टिंग वर यायचं. म्हणजे २० सेंट भरून लिस्टिंग रिन्यू केलं की तुम्ही यादीच्या डोक्यावर. तेवढ्यात दुसरा कोणी रिन्यू करायचा की तुम्ही खाली. दिवसभर २०-२० सेंट भरत बसणारे लोक होते. २०११ मध्ये एट्सीने हे बदललं आणि गिऱ्हाईक जे शोधतंय त्याच्याशी जुळणाऱ्या वस्तू आधी दाखवायला सुरुवात केली.

सर्चशिवाय वर येण्याचा दुसरा रस्ता होता ट्रेझरी. कोणीही सभासद इतरांच्या दुकानांमधल्या वस्तू निवडून एक सुंदर यादी मांडायचा. २०१० च्या सुमारास तिचं नवं रूप आलं, त्यात चार बाय चार, म्हणजे १६ वस्तूंची जागा होती. कोणी सगळ्या निळ्या वस्तू घ्यायचं, कोणी 'पावसाळी दुपार' असा विषय. स्वतःचा माल आपल्याच यादीत घालणं शोभत नाही असा तिथला रिवाज. या याद्यांमधून एट्सीचे कर्मचारी काही उचलून थेट पहिल्या पानावर लावायचे आणि दिवसातून बऱ्याचदा बदलायचे. पहिल्या पानावर येणं म्हणजे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आठवड्यात काचेत माल लागण्यासारखं. थोडाच वेळ, पण गर्दी खरी.

आता जिथे गर्दी, तिथे जुगाड आलाच. कोणती ट्रेझरी 'गरम' आहे हे व्ह्यू, क्लिक, कमेंट यावरून ठरायचं. मग विक्रेत्यांच्या टीम तयार झाल्या. मी तुला माझ्या यादीत घेते, तू येऊन क्लिक कर, कमेंट कर, तुझ्या मैत्रिणींना पण सांग. सगळे कामाला लागले.

त्यातला सगळ्यात पुढचा प्रकार होता 'बाय अँड रिप्लेस'. यादीत १६ वस्तू. टीममधल्या कोणीतरी त्यातली एक विकत घ्यायची, तिच्या जागी दुसरी वस्तू लावायची, मग ती कोणीतरी घ्यायची. ऐकून तुम्हाला भिशी आठवली ना? मलाही तीच आठवते. फरक एवढाच की घरच्या भिशीत मधे कोणी पैसे कापत नाही. इथे हिशोब करून बघा. समजा १६ जणी, प्रत्येकीने २० डॉलरची एक वस्तू घेतली आणि प्रत्येकीची एक विकली गेली. तेव्हा एट्सीचं कमिशन साडेतीन टक्के होतं, म्हणजे ७० सेंट, वर लिस्टिंगचे २० सेंट. एका विक्रीमागे ९० सेंट. सोळा जणींचे मिळून १४ डॉलर ४० सेंट गेले. पेमेंटचा खर्च, पोस्टाचा खर्च वेगळा. घरात सोळा वस्तू आल्या ज्या कदाचित कोणालाच नको होत्या. आणि बाहेरचं गिऱ्हाईक किती आलं? ते या हिशोबात कुठेच नाही. आज कमिशन साडेसहा टक्के आहे, म्हणजे तीच भिशी आता आणखी महाग पडेल.

अर्थात त्यांचा फायदा अगदीच झाला नाही असं मी म्हणणार नाही. नव्या दुकानावर 'शून्य विक्री' दिसण्यापेक्षा 'पंधरा विक्री' दिसणं बरं, हे कळतं मला. पण पंधराच्या पुढे काय?

पुढे पहिलं पान प्रत्येकाच्या आवडीनुसार वेगळं दिसायला लागलं, आणि ट्रेझरी बंदच झाली. आज आहेत ती कलेक्शन्स. गिऱ्हाईक वस्तूला हार्ट देतं आणि वाटलं तर स्वतःच्या नावाच्या एखाद्या कप्प्यात टाकतं, 'नवीन घर', 'ताईचं डोहाळजेवण', 'टीचरसाठी गिफ्ट' असं. तो कप्पा सगळ्यांना दिसेल असा ठेवता येतो किंवा खाजगी. म्हणजे पूर्वीची यादी ही काचेतली मांडणी होती, आताची ही गिऱ्हाइकाच्या पर्समधली चिठ्ठी आहे. खाजगी चिठ्ठ्या जगाला दिसतच नाहीत. म्हणून 'माझी वस्तू अमक्याच्या कलेक्शनमध्ये आली, आता हजार लोक बघतील' ही अपेक्षा सोडा.

मग कलेक्शनचा उपयोग काय? आहे, पण आडवळणाने. एट्सीचं सर्च प्रत्येक लिस्टिंगला एक गुणवत्तेचा अंदाज लावतं: ही वस्तू दिसली तर विकली जाण्याची शक्यता किती. सर्चमध्ये तुमची वस्तू पाहून कोणी क्लिक केलं, हार्ट दिलं, विकत घेतली, तर ते या अंदाजात धरलं जातं. आता ग्रुपवरची मैत्रीण काय करते? ती काही शोधत नाही. तुम्ही पाठवलेली लिंक उघडते, हार्ट देते, निघून जाते. घेणार तर नाहीच. बचत गटाच्या प्रदर्शनात शेजारचे स्टॉलवाले तुमच्या टेबलाशी येऊन "वा, किती छान!" म्हणतात ना, तसंच. लांबून गर्दी दिसते, संध्याकाळी गल्ला मात्र रिकामा.

यात नुसता वेळच जात नाही. मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. तुम्ही दुकानात दहा झुमके लावलेत. त्यातल्या तिघांना खऱ्या गिऱ्हाइकांचे हार्ट येतायत आणि सात नुसते पडून आहेत. ही माहिती सोन्यासारखी आहे, कारण पुढच्या महिन्यात काय बनवायचं ते ती सांगते. ग्रुपने दहाही झुमक्यांना पंचवीस-पंचवीस हार्ट दिले की ती माहिती पुसली गेली. आता तुम्ही कच्चा माल घेणार कशाच्या भरवशावर? घरचे पैसे घालून मणी, हुक, डबे आणताय, मग हा अंदाज चुकणं परवडत नाही.

आता खरी गिऱ्हाइकं तुमची वस्तू कप्प्यात टाकतील असं काय करायचं?

पहिला फोटो. कलेक्शन म्हणजे छोट्या चौकटी एकाशेजारी एक. त्या आकारात तुमची वस्तू ओळखू येते का, ते मोबाईलवर लांब धरून बघा. मागे जरीची साडी, बाजूला फुलं, खाली रांगोळी आणि मधे कुठेतरी कानातलं, असा फोटो आपल्याला सणासुदीचा वाटतो, पण छोट्या चौकटीत त्याचा नुसता रंगीत गोळा दिसतो. खिडकीजवळचा उजेड, साधी पार्श्वभूमी, आणि दुकानातले सगळे फोटो एका घरातले वाटतील असे. एवढं पुरे.

मग शब्द. प्रत्येक लिस्टिंगला १३ टॅग मिळतात, प्रत्येक टॅग २० अक्षरांपर्यंत. बरेच जण त्यात फक्त वस्तूचं वर्णन भरतात. लोक कप्पे मात्र प्रसंगावरून करतात: लग्न, बारसं, नवं घर, निरोप समारंभ. वस्तू कोणाला आणि कधी द्यायची, हे सांगणारे चार-पाच टॅग ठेवाच. टॅग अर्थातच इंग्रजीत, कारण गिऱ्हाईक त्याच भाषेत शोधतं. तोरण, दिव्यांचे स्टँड, रुखवताच्या वस्तू विकणाऱ्यांनो, तुमचं बरंचसं गिऱ्हाईक अमेरिका-इंग्लंडमधलं आपलंच माणूस असणार. पार्सल पोहोचायला लागणारा वेळ धरून ते दिवाळीची खरेदी आधीच ठरवतं, तर ऑगस्टच्या अखेरीला तुमचा दिवाळीचा माल लागलेला हवा. ख्रिसमससाठी सप्टेंबर.

एकच नग बनवणाऱ्यांसाठी खास. वस्तू विकली गेली तरी लोकांच्या कप्प्यात ती 'विकली गेली' म्हणून पडून राहते, आणि लोक त्यावरून तुमच्या दुकानात येतात. आल्यावर तशीच तिची बहीण दिसली पाहिजे: तोच रंग वेगळा आकार, किंवा तोच आकार वेगळा रंग. पिंटरेस्टवर तर हे फारच होतं. एकदा पिन झालेला फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो, आणि त्याची लिंक जर रिकाम्या पानावर जात असेल तर आलेलं माणूस दारातून परत गेलं.

हार्ट देऊन थांबलेल्या माणसाला आपोआप सवलत पाठवायची सोय एट्सीवर आहे. वापरा, पण आधी वहीत हिशोब करा. माल, तुमची मजुरी, पॅकिंग, पोस्ट, साडेसहा टक्के, पेमेंटचे पैसे, हे सगळं धरून जर दहा टक्के सोडण्याइतकी जागा उरत नसेल तर ती सोय बंद ठेवा. तिथे भिडेला बळी पडू नका.

शेवटचं काम आजच करा. दुकानाच्या स्टॅट्समध्ये लोक कुठून आले ते बघा. एट्सी सर्च, एट्सीची इतर पानं आणि ॲप, सोशल मीडिया, थेट आलेले, असे वेगवेगळे आकडे दिसतील. कलेक्शनमधून येणारे बहुतेक 'इतर पानं'मध्ये सापडतील, आणि ग्रुपवरच्या मैत्रिणी 'सोशल मीडिया' किंवा 'थेट'मध्ये. गेल्या ३० दिवसांचे आकडे वहीत लिहून ठेवा, शेजारी प्रत्येक वस्तूचे हार्ट आणि ऑर्डर. पुढच्या व्हिडिओत आपण अशीच एक वही उघडून, कोणतं लिस्टिंग ठेवायचं आणि कोणतं काढायचं ते ठरवणार आहोत.