द्यायला आलेल्या माणसांना नगरनं काय दिलं?

बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

मी नगरचा. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं. काम सॉफ्टवेअरचं. आमच्या फील्डमध्ये ‘ऑनसाइट’ हा जादूचा शब्द आहे. परदेशात जायचं, दोन वर्षं काम करायचं, पैसे साठवायचे, परत यायचं. हिशोब आधीच ठरलेला. म्हणूनच ज्यांचा हिशोब पार वेगळाच निघाला, अशा माणसांबद्दल आज बोलायचंय. ती माणसं उलट दिशेनं आली होती, अमेरिकेतून नगरला.

अमेरिकन मराठी मिशननं नगरमध्ये काम सुरू केलं ते डिसेंबर १८३१ मध्ये. मिशननं नगरला काय दिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा, त्या पाहून जोतिराव फुल्यांना मिळालेली प्रेरणा, १८४२ मध्ये इथे सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’. आज प्रश्न उलटा विचारू. या कुटुंबांना इथे काय मिळालं?

सुरुवातीला मिळालं ते दुःखच. पहिल्या तुकडीतले विल्यम हर्वी काही महिन्यांत, १८३२ मध्ये पटकीनं गेले. पटकी म्हणजे कॉलरा. पुढच्या पिढीत रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ चा, मुंबईतला. आईवडील दोघंही मिशनरी. १८५४ मध्ये मायदेशी परतताना वडील जहाजावरच वारले. आईनं मुलांना अमेरिकेत वाढवलं. रॉबर्ट येल विद्यापीठात शिकले. ज्या देशानं आपल्या घरावर एवढा घाव घातला, तिथे पुन्हा कोण जाईल? ते १८७४ मध्ये नगरला आले आणि १९२६ पर्यंत राहिले. बावन्न वर्षं!

इथे त्यांना मिळालेली एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तो होता एक प्रश्न. ख्रिस्ताचं नावही कानावर न पडता जी माणसं गेली, त्यांचं काय? बोस्टनमध्ये बसून हा पुस्तकी मुद्दा वाटू शकतो. पण समोर जिवंत माणूस बसलेला असतो आणि विषय त्याच्या आजोबा-पणजोबांचा असतो, तेव्हा ‘ते सगळे नरकात’ असं उत्तर देणं सोपं नसतं.

१८८६ मध्ये ह्यूम सुट्टीवर अमेरिकेत गेले होते. अशा लोकांना मृत्यूनंतरही देव संधी देईल, हा विचार तिकडे काही धर्मपंडित मांडत होते. ह्यूम यांनी अँडोव्हरला जाहीर भाषणात या विचाराला सहानुभूती दाखवली. झालं! त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डातच वाद पेटला आणि त्यांचं भारतात परतणं अडलं. सोप्या भाषेत, मोकळं बोलल्यामुळे नोकरी टांगणीला. शेवटी १८८७ मध्ये त्यांना परत पाठवलं गेलं. मोठं मन मिळणं हा आशीर्वाद खरा, पण त्याची किंमत मोजावी लागते ती आपल्याच माणसांत.

दुसरं घर नेवासे तालुक्यातलं, वडाळ्याचं. तिथले सॅम्युअल फेअरबँक १८४६ मध्ये भारतात आले. प्रचाराचं काम होतंच, पण इथले पक्षी, वनस्पती, गोगलगाई यांचंही त्यांना वेड लागलं. तामिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरात त्यांना मिळालेल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. त्यांची मुलगी केटी पुढे रॉबर्ट ह्यूम यांची पत्नी झाली. म्हणजे ‘परदेशात सेवा’ म्हणून सुरू झालेली गोष्ट दोन पिढ्यांत ‘माहेर वडाळा, सासर नगर’ इथवर आली!

तिसरं नाव जस्टिन ॲबट. यांचे वडीलही नगरचे मिशनरी. जस्टिन यांनी स्वतः मुंबईत बरीच वर्षं मिशनचं काम केलं आणि निवृत्तीनंतर ते अमेरिकेत न्यू जर्सीला राहायला गेले. तिथे बसून त्यांनी एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रं आणि रचना इंग्रजीत आणल्या. त्यातला बराचसा मजकूर महिपतींचा. महिपती कुठले? राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. नगर मिशनऱ्याचा मुलगा म्हातारपणी अमेरिकेत बसून नगर जिल्ह्यातल्या संतचरित्रकाराचं भाषांतर करतोय. धर्म शिकवायला आलेल्या घरात जाताना हे गाठोडं गेलं.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी. या देवाणघेवाणीत इथल्या घरांनीही सोसलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षं मोडल्यासारखा झाला. त्यांनी ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलंय, वाचा नक्की. पुढे दोघंही नगरला राहिले. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा बाज दिला, आणि परदेशी चालींवर गाणाऱ्या चर्चला मातीतला आवाज मिळाला. ही भेटही मिशनच्या कुठल्याच आराखड्यात नव्हती.

मग हे काहींनाच का मिळालं? मला तीन गोष्टी दिसतात. एक, ते टिकले. दोन वर्षं नाही, आयुष्यभर. दोन, भाषा शिकले, आणि ती फक्त सांगण्यापुरती नाही, ऐकण्यासाठी. तीन, समोरच्यानं विचारलेला प्रश्न त्यांनी स्वतःला लागू दिला. आमच्या भाषेत, नुसतं अपलोड करायला आलेल्यांनी सिंक चालू ठेवलं.

माझे निम्मे मित्र आज बाहेर आहेत. कुणी म्युनिकला, कुणी टोरोंटोला. व्हॉट्सॲपवर बोलणं होतं ते व्हिसाचं, भाड्याचं, पॅकेजचं. ते चुकीचं नाही, घर चालवायचं असतं. पण पुढच्या कॉलवर त्यांना एक विचारून बघा: तिकडच्या कुठल्या माणसामुळे तुझं एखादं पक्कं मत बदललं का? उत्तर ‘हो’ आलं, तर समजा पगाराच्या स्लिपवर न दिसणारं काहीतरी हाती लागलंय.

आणि नगरला आलात तर ह्यूम मेमोरियल चर्चवरून जाताना दोन मिनिटं थांबा. मग नेवाशाला जा, जिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. वाटेत वडाळा लागेल.

तुमच्या ओळखीत अशी गोष्ट असेल तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!