बादशाह जुने, गुन्हा मात्र नवा
नेरसारख्या तालुक्याच्या गावीही आपली मुले रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर अनोळखी माणसांशी औरंगजेबावरून वाद घालतात. समोर कोण आहे, हे ठाऊक नसते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच स्टेटसवरून दंगल पेटली. दुकाने फुटली, इंटरनेट बंद झाले.

ज्या राजघराण्यांसाठी ही भांडणे चालतात, त्यांची भांडणे धर्म पाहून होत नसत. १६८१ मध्ये औरंगजेबाचाच मुलगा, शहजादा अकबर, बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. हे घरात कोण सांगतो? फारच थोडे.

धर्माधर्मांत तेढ वाढवणाऱ्या मजकुराबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोस्ट पुसली तरी समोरच्याने काढलेला स्क्रीनशॉट त्याच्याकडे राहतोच.