नवे साधन आणि बोलण्याची मुभा

कामाच्या ठिकाणी नवे तंत्रज्ञान आल्यावर माणसे ते का स्वीकारतात आणि का टाळतात, हा संघटनात्मक मानसशास्त्राचा जुना प्रश्न आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये त्याचे उत्तर दोन गोष्टींत शोधले: या साधनाने आपले काम सुधारेल असे माणसाला वाटते का, आणि ते वापरायला सोपे वाटते का. यात पहिलीचे पारडे जड ठरले. उपयोग पटला तर माणूस थोडी खटपट सोसतो. २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी भोवतालच्या माणसांचे मत आणि प्रत्यक्ष मिळणारी मदत या दोन बाबींवरही भर दिला.

एवढ्याने चित्र पुरे होत नाही. साधन अडले, तर ते वरिष्ठांना सांगता येते का? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी अशा मुभेला मानसिक सुरक्षितता म्हटले. शंका विचारली, चूक कबूल केली किंवा आक्षेप घेतला तरी आपला पाणउतारा होणार नाही, हा गटातल्या माणसांचा सामायिक विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना चांगल्या चालणाऱ्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त आढळल्या. तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे; त्या लपवल्या जात नव्हत्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी लहान छेद घेऊन हृदयशस्त्रक्रिया करण्याचे नवे तंत्र १६ रुग्णालयांत कसे रुजले ते तपासले. जिथे शल्यविशारदाने ते सर्वांनी मिळून शिकण्याचे काम मानले आणि परिचारिकांनाही बोलू दिले, तिथे ते रुजले. रुग्णालयाच्या नावलौकिकाने फरक पडला नाही.

‘मानसिक सुरक्षितता’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी दौंड तालुक्यातील केडगावात तिच्या जवळचे उदाहरण घडले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि विधवा इथल्या मुक्ती सदनात राहिल्या. पुढे तिथे छापखाना निघाला. स्त्रिया खिळे जुळवणे, छपाई, बांधणी शिकल्या. रमाबाईंच्या बायबल-भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक अक्षरांची जुळणीही. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर छापून आले. छापखान्याच्या कामातच एक सोय असते: जुळारी चुकणार हे धरूनच कच्चे मुद्रित काढतात. चूक दिसते, खुणा होतात, खिळा बदलतो. शिकणाऱ्या हातांसाठी ही रीत मोलाची आहे, कारण चूक दाखवणे हा तिथे कामाचाच एक टप्पा असतो.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांच्या मोबाइलची हकिगत नेमकी उलट आहे. पोषण अभियानासाठी त्यांना सरकारी मोबाइल मिळाले, आणि मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. बालकांचे वजन-उंची, हजेरी, आहारवाटप यांची माहिती त्यात भरायची होती. फोनची स्मृती अवघी दोन जीबी, तो सारखा हँग होई, तापे. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडे. ॲपमध्ये इंग्रजीचा अडसर होता. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे मोबाइल शासनाला परत केले.

याला तंत्रज्ञानाचा तिटकारा म्हणणे अन्यायाचे होईल. यांतल्या अनेक जणी घरी स्वतःचा मोबाइल वापरतात. डेव्हिस यांच्या कसोटीवर ॲप दोन्हीकडे उणे पडले: वापरायला अवघड, आणि माहिती वर जाई तरी सेविकेचे केंद्रातले काम हलके होत नव्हते. मानधनावर राबणाऱ्या एकट्या सेविकेने पर्यवेक्षिकेला ‘माहिती भरली जात नाही’ म्हणणे जोखमीचे असते, कारण न भरलेली माहिती म्हणजे न केलेले काम असाच अर्थ लागू शकतो. मग अडचण एकेकीने न सांगता संघटनेमार्फत, एकदमच सांगितली जाते. तोवर कारभाराच्या हाती असते ती कशीबशी भरलेली आकडेवारी, आणि तिच्यावरून कुपोषित मूल ओळखायचे असते.

अर्थात नुसत्या मोकळ्या बोलण्याने फोनची क्षमता वाढत नाही. साधन देण्याआधी काही केंद्रांवर ते चालवून पाहणे, भाषा मराठी ठेवणे, दुरुस्तीचा खर्च शासनाने उचलणे आणि तक्रार नोंदवणारीवर ठपका न ठेवणे, हे सारे एकत्र लागते. सेविकांच्या पुढच्या आंदोलनांत नव्या मोबाइलची मागणी कायम राहिली.