दया, भीड आणि 'नाही' म्हणणं



मूल्यशिक्षणाचा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळेत भिंतीवर लागलेला असतो. त्यातल्या दहा मूल्यांत सौजन्यशीलता आहे, संवेदनशीलता आहे. ती असायलाच हवीत. दुसऱ्याचं दुःख ज्याला कळत नाही असा मुलगा गणितात शंभर गुण घेऊन आला तरी आपलं समाधान होत नाही. पण गेली काही वर्षं एक गोष्ट सारखी लक्षात येते. वर्गातली काही मुलं आपल्याला 'फार चांगली' वाटतात आणि त्याच मुलांचं नुकसान आपण निमूटपणे होऊ देतो. बऱ्याचदा त्याला हातभारही आपलाच असतो.

अशी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते. तिची वही आज एकीकडे, उद्या दुसऱ्याकडे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वही परत आलेली नसते आणि ती मागत नाही, कारण 'तिला वाईट वाटेल'. गटप्रकल्पात पाच नावं असतात, अक्षर मात्र सगळीकडे तिचंच. डब्यातली पुरणपोळी वाटून झाल्यावर तिच्या वाट्याला कोपरा उरतो. आणि आपण काय करतो? सर्वांत दंगेखोर मुलाला तिच्या शेजारी बसवतो. 'ती सांभाळून घेते' म्हणतो आणि पालकसभेत तिचं कौतुक करतो. तिची आईही खूश होते. ती मुलगी खूश आहे का, हे कोणी विचारत नाही.

दया वेगळी, भीड वेगळी

मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, ही आपल्या भाषेची शहाणीव म्हणायची. दया येते ती समोरच्याच्या गरजेकडे बघून. भीड वाटते ती स्वतःकडे बघून. समोरचा काय म्हणेल, नाराज तर होणार नाही ना, आपल्याला वाईट तर ठरवणार नाही ना, हा सगळा हिशेब भिडेचा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत माणूस 'हो' म्हणतो. फरक कळतो तो नंतर. दयेने केलेल्या मदतीनंतर मन हलकं होतं. भिडेने केलेल्या मदतीनंतर चिडचिड होते, आणि ती बहुतेक वेळा भलत्याच माणसावर निघते. दिवसभर शाळेत गोड वागलेली मुलगी घरी येऊन धाकट्या भावावर खेकसते, ती काही उगाच नाही.

आपल्या पूर्वजांनी भिडेला भिकेची बहीण म्हटलंय. ही म्हण किती शब्दशः खरी आहे, ते बघायला शिक्षकांना लांब जायला नको. पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म घेऊन सहकारी येतो. 'सर, फक्त सही पाहिजे.' रोज एकत्र डबा खाणारा माणूस, नाही कसं म्हणायचं? सही होते. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 128 नुसार करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे 'फक्त सही' असं काही नसतंच. हप्ते थकले की कपात जामीनदाराच्या पगारातून सुरू होते, त्याच्या घरात भांडणं लागतात आणि मैत्री तर पहिल्याच महिन्यात संपते. माणूस ओळखून, आपली ऐपत बघून जामीन राहणं हे मदतीचंच काम आहे. पण बहुतेक सह्या भिडेच्या असतात. आणि घरात अभ्यास करत बसलेलं मूल हे सगळं ऐकत असतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांचं 'गिव्ह अँड टेक' हे पुस्तक 2013 मध्ये आलं. माणसांचे ते तीन प्रकार करतात: देणारे, घेणारे आणि तोलूनमापून देवाणघेवाण करणारे. कामात सर्वांत मागे कोण राहतं, तर देणारे. इथपर्यंत आपल्या अंदाजाप्रमाणेच आहे. पण सर्वांत पुढेही देणारेच सापडतात! मागे राहणारे कोणालाही, कधीही, कितीही देतात आणि स्वतःचं काम तसंच पडून राहतं. पुढे जाणारे तितकेच उदार असतात, पण कोणाला, कधी आणि किती द्यायचं हे ते स्वतः ठरवतात. म्हणून मुलाला 'एवढं चांगलं वागू नकोस' असं सांगणं मला पटत नाही. काही पालक तेच सांगतात, 'जग वाईट आहे, तूही तसाच हो.' तो इलाज नव्हे.

आपली दया मुलांना कुठे नडते

आता थोडं आपल्याकडेही बघू. प्रकल्पाच्या आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोल घ्यायला आलेले बाबा आपण सगळ्यांनी पाहिलेत. दप्तर आई भरते, बुटाची नाडी आजी बांधते, उत्तर अडलं की शिक्षक पुढचा शब्द पुरवतात. यात प्रेम आहे, शंकाच नाही. पण आपण एखादं काम मुलाच्या हातातून काढून घेतो, तेव्हा 'हे तुला जमणार नाही' असा निरोपही त्याच्यापर्यंत पोचतो.

मग मदत करायचीच नाही का? 1976 मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला देऊन मोठ्यांच्या मदतीचा अभ्यास केला. त्या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहीपर्यंत परांची हवीच, ती नसेल तर गवंडी वर चढणार कसा? पण इमारत झाल्यावर कोणी परांची तशीच ठेवत नाही. मूल अडलं की मदत थोडी वाढवायची, त्याला जमू लागलं की हात काढून घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. मात्र हात काढून घेण्याच्या क्षणी मुलाचा चेहरा कावराबावरा होतो आणि तो आपल्याला बघवत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

'श्यामची आई' मधला पोहण्याचा प्रसंग आठवतो का? पाण्याला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मार देते आणि विहिरीवर धाडते. त्या माराचं समर्थन मी करणार नाही, आज तर कायद्यानेही शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. पण साने गुरुजींच्या लेखी प्रेमळपणाची मूर्ती असलेली ती आई मुलाची भीती कुरवाळत बसत नाही, एवढं लक्षात घेण्यासारखं आहे.

कौतुकाचंही तसंच आहे. नेदरलँड्समधले संशोधक एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी चित्र काढलं. मग एका चित्रकाराचा म्हणून अभिप्राय त्यांना दिला गेला. काहींना 'सुंदर', तर काहींना 'कमालीचं सुंदर' अशा थाटाचा. पुढे कोणतं चित्र काढायचं हे मुलांनी निवडायचं होतं. ज्यांचा स्वतःबद्दलचा आत्मविश्वास कमी होता, त्यांनी वाढीव स्तुतीनंतर सोपी चित्रं निवडली. एवढं नाव झालं, आता चुकलो तर? आणि गंमत बघा, मोठी माणसं अशी वाढीव स्तुती नेमकी याच मुलांची जास्त करतात, असंही त्याच अभ्यासात आढळलं. बिचाऱ्याला जरा बरं वाटेल म्हणून.

'बिचारा' हा शब्द शिक्षकाने जपून वापरावा. बिचारा म्हणून दोन गुण वाढवले की मूल पुढच्या वर्गात जातं, पण त्याचं न आलेलं भागाकाराचं गणितही त्याच्याबरोबर जातं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 ने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायला मनाई केली. त्याच कायद्याने सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनही सांगितलं होतं, म्हणजे मूल कुठे अडलंय ते वेळीच शोधून काढणं. कितीतरी ठिकाणी पहिला भाग पाळला गेला आणि दुसरा कागदावर राहिला. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, अशी ती तरतूद आहे. ते जादा मार्गदर्शन खरोखर झालं, तर ती दया. उन्हाळ्याच्या सुट्टीत नुसती सही करून काम उरकलं, तर ती पुन्हा भीडच, पालकांची किंवा वरिष्ठांची.

जिथे 'नाही' यायलाच हवं

एका बाबतीत मात्र भिडेची किंमत फार मोठी आहे. घरी पाहुणे आले की 'काकांना पापी दे' म्हणून आपण मुलाला पुढे ढकलतो. ते आईच्या मागे लपलं की 'असं करू नये, काकांना वाईट वाटेल' म्हणतो. आणि शाळेत त्याच मुलाला 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवून सांगतो की नको वाटलं तर मोठ्याने नाही म्हण. मुलाने कोणाचं ऐकायचं? लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा 2012 चा आहे, 1098 हा मदतीचा क्रमांक शाळाशाळांत लावलेला आहे. पण ज्या मुलाने आजवर कोणालाच नकार दिलेला नाही, त्याच्या तोंडून तो नेमक्या वेळी कसा निघेल? नमस्कार करायला शिकवावं, हवं तर लांबून हात हलवू द्यावा. अंगाशी कोण येणार हे मात्र त्याचं त्याला ठरवू द्यावं, मग पाहुणे थोडे रुसले तरी चालतील.

नकाराचा सराव वर्गात घेता येतो. महिन्यातून एक तास पुरे. आपल्याकडे 'नाही' ऐवजी 'बघू', 'नंतर सांगतो', 'प्रयत्न करतो' असं म्हणायची पद्धत आहे. समोरचा आशेवर राहतो आणि आपण अडकतो. म्हणून मुलांना सरळ वाक्यं द्यावीत. 'वही घरी देणार नाही, मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून बघ.' 'माझा भाग मी लिहिला, तुझा तू लिही. अडलं तर सांगेन.' 'मला हे आवडत नाही.' जोड्या पाडून एकाने मागायचं, दुसऱ्याने नकार द्यायचा आणि मागणाऱ्याने तीन वेळा आग्रह करायचा. पहिल्या आग्रहाला सगळी हसतात. तिसऱ्या आग्रहाला काही जण हमखास हो म्हणून टाकतात. ती कोण, ते टिपून ठेवा. पुढच्या वेळी त्यांना मागणाऱ्याच्या जागी बसवा. नकार ऐकूनही आपण जिवंत राहतो आणि मैत्रीही राहते, हे त्यांना त्या बाजूने लवकर कळतं. आणि हो, बसण्याची जागा बदलताना त्या शांत मुलीला आधी विचारा, 'तुला चालेल का?' ती सवयीने 'चालेल' म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, एकटी असताना.