घड्याळाचा काटा आणि सायकलचा दिवा



दिवस केव्हा उजाडावा हे सूर्य ठरवितो आणि शाळेची घंटा केव्हा वाजावी हे घड्याळ ठरविते. आपल्याकडे या दोघांचे बारा महिने बऱ्यापैकी जुळते. म्हणून, जगातील कित्येक देशांत वर्षातून दोन वेळा सरकारी आज्ञेने घड्याळाचे काटे हलविले जातात, हे प्रथम ऐकणाऱ्यास मोठे नवल वाटते. नेदरलँड्स या देशात मार्च महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटेचे दोन वाजले की घड्याळ एकदम तीन दाखवू लागते. पुढे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीन वाजले की पुन्हा दोन वाजतात. मधल्या सात महिन्यांच्या कालमानास इंग्रजीत 'डेलाइट सेव्हिंग टाइम' किंवा 'समर टाइम' म्हणतात. आपण त्यास 'उन्हाळी वेळ' म्हणू. या एका तासाच्या उलाढालीने माणसाच्या दिनचर्येत, आणि विशेषतः सायकलवरून शाळेस व कामास जाणाऱ्याच्या दिनचर्येत, काय घडते याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा खटाटोप तिकडेच का, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर भूगोलात आहे. पणजी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेपंधरा अंशांवर आहे. येथे जूनमधील मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि डिसेंबरमधील लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. दोहोंत अंतर ते काय दोन तासांचे. परंतु ॲम्स्टरडॅम ५२ अंशांच्याही वर आहे. तेथे जूनमधील दिवस पावणेसतरा तासांचा, तर डिसेंबरमधील दिवस पावणेआठ तासांपेक्षाही लहान असतो. उन्हाळ्यात लोक गाढ झोपेत असतानाच तेथे उजाडते. मग पहाटेचा हा वाया जाणारा प्रकाश उचलून संध्याकाळी वापरता आला तर काय वाईट, असा विचार तेथील माणसांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

तो विचार स्पष्टपणे मांडणाऱ्यांत पहिले नाव न्यूझीलंडमधील जॉर्ज हडसन यांचे घ्यावे लागते. हे गृहस्थ टपाल खात्यात नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात कीटकांचा अभ्यास करीत. काम सुटल्यावर कीटक गोळा करण्यास उजेड हवा, म्हणून उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे करावीत, अशी सूचना त्यांनी १८९५ साली वेलिंग्टन येथील विद्वत्सभेपुढे मांडली. पुढे इंग्लंडमधील विल्यम विलेट या घरे बांधणाऱ्या व्यावसायिकाने १९०७ साली एक पुस्तिका प्रसिद्ध करून हाच विषय हाती घेतला. एप्रिलच्या चार रविवारी वीस वीस मिनिटे, अशी एकूण ऐंशी मिनिटे घड्याळ पुढे करावे, अशी त्यांची योजना होती. पार्लमेंटने ती मानली नाही आणि १९१५ साली विलेट निवर्तले. परंतु पहिल्या महायुद्धात कोळशाची चणचण भासू लागली, तेव्हा ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनीने व ऑस्ट्रिया-हंगेरीने घड्याळे एक तास पुढे केली आणि तीनच आठवड्यांनी ब्रिटननेही तेच केले. शांततेच्या काळात जे हास्यास्पद ठरले, ते युद्धकाळात शहाणपणाचे ठरले!

आता मुख्य मुद्दा ध्यानी घ्यावा. घड्याळाचा काटा पुढे केल्याने दिवसाचा प्रकाश एका पळानेही वाढत नाही. जेवढा प्रकाश संध्याकाळच्या पदरात पडतो, तेवढाच तो सकाळच्या पदरातून काढलेला असतो. खोलीत बसून काम करणाऱ्यास ही देवघेव फारशी जाणवत नाही, कारण बटण दाबताच त्याचा दिवा लागतो. मोटारीत बसणाऱ्यालाही मोठे दिवे व चारही बाजूंनी आडोसा असतो. सायकलस्वार मात्र उघड्यावर असतो. त्याला रस्ता दिसणे जितके आवश्यक, तितकेच इतरांना तो दिसणे आवश्यक. म्हणूनच या देवघेवीचा हिशेब सर्वांत आधी त्याच्या वाट्यास येतो.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकलींची संख्या अधिक आहे आणि माध्यमिक शाळेतील बहुसंख्य मुले सायकलनेच शाळेस जातात. मार्चअखेरच्या शुक्रवारी ॲम्स्टरडॅमला सूर्य ६ वाजून २० मिनिटांच्या सुमारास उगवतो. लांबच्या गावातील एखादी मुलगी सात वाजता सायकल बाहेर काढते, तेव्हा चांगले उजाडलेले असते. रविवारी घड्याळ पुढे गेले की सोमवारी हाच सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. तीच मुलगी त्याच सात वाजता निघाली, तरी आता ती संधिप्रकाशात निघते. आदल्या आठवड्यापेक्षा तासभर आधी उठावे लागल्याने डोळ्यांवर झोप असते ती वेगळीच! उलट सूर्यास्त सातवरून आठवर जातो. शाळा सुटल्यावर खेळून, मैत्रिणीकडे जाऊन ती उजेडी घरी येऊ शकते. सकाळी जे गेले ते संध्याकाळी परत मिळाले.

ऑक्टोबरअखेर याच्या उलट घडते. शुक्रवारी सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला कचेरीतून निघणारा मनुष्य उजेडात घरी पोचतो. सोमवारी तोच सूर्य सव्वापाचला मावळतो आणि साडेपाचला निघणाऱ्याची वाट अंधारत जाते. निसर्गतः संध्याकाळ दररोज दोन-दोन मिनिटांनी आखडत असते आणि डोळ्यांना व मनाला सवय होण्यास अवधी मिळतो. घड्याळ हलविले की तोच बदल एका रात्रीत साठ मिनिटांनी होतो. सायकलस्वार दिवा लावण्यास विसरतो आणि मोटार हाकणाऱ्याचे डोळे अंधारातील सायकल शोधण्यास सरावलेले नसतात. त्यात शरद ऋतूतील गळालेली पाने पावसाने भिजून रस्ता निसरडा झालेला असतो. अंधार पडल्यावर सायकलला पुढे पांढरा वा पिवळा आणि मागे लाल दिवा असलाच पाहिजे, असा तेथील कायदा आहे, तो उगाच नव्हे.

सायकलीच्या रस्त्यापलीकडेही हा एक तास पुष्कळ ठिकाणी अडखळतो. गाईला घड्याळ कळत नाही. दूध काढण्याची तिची वेळ शेतकऱ्यास रोज थोडी थोडी सरकवावी लागते. तान्ह्या मुलाची भूक व झोपही जुन्याच वेळेवर चालते. ऑक्टोबरच्या त्या रात्री जर्मनीतील रात्रीच्या आगगाड्या वेळापत्रक बिघडू नये म्हणून वाटेत एखाद्या स्थानकावर तासभर थांबून राहतात. आपल्या शरीरातही एक घड्याळ आहे. त्याच्या अंतरंगातील यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल २०१७ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः सकाळच्या प्रकाशाने लावले जाते, सरकारी आज्ञेने नव्हे. म्हणूनच मार्चमधील त्या रविवारनंतर कित्येक दिवस लोकांना झोप अपुरी पडते.

मग वर्षभर एकच वेळ ठेवावी हे उत्तम नव्हे काय? ब्रिटनने तेही करून पाहिले. ऑक्टोबर १९६८ पासून ऑक्टोबर १९७१ पर्यंत तेथील घड्याळे हिवाळ्यातही एक तास पुढेच ठेवली गेली. संध्याकाळी उजेड मिळू लागला, परंतु स्कॉटलंडच्या उत्तर भागात सकाळचे दहा वाजत आले तरी सूर्यदर्शन होईना. मुले काळोखात शाळेस निघू लागली. मोटारचालकांना ती दिसावीत म्हणून त्यांच्या दंडांवर चकाकणाऱ्या पट्ट्या बांधण्यात आल्या. अपघातांचे आकडे तपासले तेव्हा असे आढळले की, सकाळी जखमी होणाऱ्यांची संख्या वाढली, पण संध्याकाळी ती त्याहून अधिक घटली. तथापि मद्य पिऊन मोटार हाकणाऱ्यांविरुद्धचा कडक कायदा त्या देशात १९६७ सालीच अंमलात आला होता. त्यामुळे घटीचे श्रेय घड्याळाला किती आणि कायद्याला किती, हे सांगणे अवघड झाले. शेवटी पार्लमेंटने तो प्रयोग मोडीत काढला. काळोखात शाळेला निघालेले मूल उंबऱ्यात उभ्या आईला दिसते. संध्याकाळी जो अपघात घडलाच नाही, तो मात्र कोणालाच दिसत नाही!

गोव्याचा ज्या देशाशी दीर्घ संबंध आला, त्या पोर्तुगालनेही १९९२ साली मध्य युरोपची वेळ स्वीकारली होती. हिवाळ्यात लिस्बनला नऊ वाजत आले तरी उजाडेना. मुले अंधारात वर्गात शिरू लागली आणि १९९६ साली तो देश पुन्हा आपल्या जुन्या वेळेवर आला. वर्षातून दोन वेळा काटे हलविण्याची प्रथा बंद करावी, असे मत युरोपीय पार्लमेंटने २०१९ साली दिले. परंतु कायमची वेळ उन्हाळी ठेवावी की हिवाळी, यावर सदस्य देशांचे एकमत न झाल्याने तो ठराव कागदावरच राहिला. सकाळचा प्रकाश कोणी सोडावयाचा आणि संध्याकाळचा कोणी, हाच खरा तंटा आहे.

आपल्या देशातही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानची घड्याळे एक तास पुढे केली होती. आसामच्या चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' म्हणून एक तास पुढची वेळ पाळण्याची जुनी रीत आहे, कारण पूर्वेस सूर्य फार लवकर उगवतो. या गोष्टी सोडल्या तर भारताने हा मार्ग धरला नाही. तरीही ज्यांचे आप्त लिस्बनला किंवा लंडनला आहेत, त्या घरांना हा बदल परिचयाचा आहे. हिवाळ्यात आपली वेळ त्यांच्यापुढे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. मार्चअखेर त्यांचा नेहमीचा फोन तासभर आधी का खणखणतो, याचा उलगडा आता मुलांनी घरच्या आजीला करून द्यावा.

आणि सायकलवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे. आपले घड्याळ हलत नसले तरी सूर्य हलतोच. पणजीला जूनअखेर तो सात वाजून गेल्यावर मावळतो, तर नोव्हेंबरअखेर सहाच्याच सुमारास. युरोपात एका रात्रीत जो तास जातो, तोच तास आपल्याकडे पाच महिन्यांत नकळत निसटतो. शिवाय ॲम्स्टरडॅमला सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ वाट दिसत राहते. आपल्याकडे तिन्हीसांजा वीस-बावीस मिनिटांत सरतात. पावसाळ्यात सहाला खेळ आटोपून उजेडी घरी पोचणारा मुलगा डिसेंबरात त्याच वेळी निघाला, तर अर्ध्या वाटेवर काळोख त्याला गाठणारच.

तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की पुढचा दिवा लागतो की नाही आणि मागची लाल काच पुसलेली आहे की नाही, हे एकदा पाहून ठेवावे. खेळ पंधरा मिनिटे आधी थांबवावा. निघताना घड्याळ पाहावेच, पण त्याबरोबर पश्चिमेकडे एक दृष्टी टाकण्यासही विसरू नये.