नव्वदावा दिवस उजाडायच्या आत

जुने पासपोर्ट वाचायचा मला नाद आहे. महाड, बिरवाडी, पोलादपूर या आमच्या पट्ट्यात आखातात राहून आलेला माणूस भेटला, की गप्पांच्या ओघात त्याचा रद्द झालेला पासपोर्ट मी मागून घेतो आणि एकेक पान उलटत बसतो. आखातातल्या सोन्यावर, गावोगावी उठलेल्या बंगल्यांवर पुष्कळ लिहून झालंय. पण माणसं तिथे नेमकी कोणत्या कागदावर राहिली आणि त्या कागदाची मुदत संपत आली की काय करायची, हे शिक्क्यांतच वाचायला मिळतं.

बिरवाडीतल्या एका घरी असाच एक पासपोर्ट हाती आला. त्या घरच्या भाभींचा. साठ पानांचा, ज्याला जम्बो म्हणतात तो. पानापानावर दर तीन महिन्यांनी शिक्क्यांची जोडी: सौदीतून बाहेर, सौदीत आत, आणि दोन्हींवर तारीख एकच.

"भाभी, सकाळी गेलात नि संध्याकाळी परत?"

"जावंच लागायचं ना, मास्तर. नव्वद दिवस भरायच्या आत पुलावर जाऊन यायचं. नाहीतर ह्यांना दंड."

आखाताशी कोकणाचं नातं तेलाच्या आधीचं. आमची माणसं बोटींवर खलाशी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या होतीच. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘दारा’, ‘द्वारका’, ‘दुमरा’ या बोटी मुंबईहून निघून कराची, मस्कत, दुबई, बहरीन करत बसऱ्यापर्यंत जात. ‘दारा’ १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ स्फोट होऊन बुडाली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. ‘द्वारका’ १९८२ पर्यंत चालली. तिकडे व्यवहारही रुपयातच चालायचा. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, कामगारांची मागणी वाढली, १९८३ चा उत्प्रवासन कायदा आला. एवढी पार्श्वभूमी पुरे. मला पुलाकडे यायचंय.

किंग फहद कॉजवे. सौदीतल्या खोबरपासून बहरीनपर्यंत समुद्रावरून जाणारा २५ किलोमीटरचा रस्ता. पैसा सौदीचा, बांधकाम डच कंपनीचं, आणि १९८६ च्या नोव्हेंबरात तो वाहतुकीला खुला झाला. अर्ध्या वाटेवर समुद्रात भराव घालून बेट केलंय. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी आणि जकात त्याच बेटावर.

सौदीत बायकामुलांना बरोबर ठेवायचं तर त्यांचा इकामा, म्हणजे रहिवासाचा परवाना, काढावा लागतो. २०१७ च्या जुलैपासून त्यावर माणशी महिना १०० रियाल फी बसली. दर वर्षी शंभराने चढत ती २०२० मध्ये ४०० झाली. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाला १४,४०० रियाल, म्हणजे तीन लाखांवर रुपये, आणि तेही आगाऊ. बेताच्या पगारातल्या माणसाला हे कुठून झेपणार? त्या दोन-तीन वर्षांत कितीतरी संसार पांगले. नवरा पाच-सहा जणांच्या खोलीवर, बायको मुलांना घेऊन गावी. ज्यांना पांगायचं नव्हतं त्यांनी मधली वाट धरली: वर्षभराचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिजिट व्हिसा. त्यात एका वेळचा मुक्काम नव्वदच दिवसांचा असे. तेवढ्यात देशाबाहेर पाऊल टाकून परत आलं की नवे नव्वद सुरू.

हे सगळं ऐकीव राहू नये म्हणून मी आणि सौभाग्यवतीने मुलाकडे सौदीतल्या जुबैलला जायचं ठरवलं. मुलाने आमच्या महाड एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि त्या अनुभवावर तिकडे ऑपरेटर म्हणून लागला. सूनबाई आणि नातू सोनू व्हिजिटवर, आम्ही दोघंही व्हिजिटवर. एका घरात पाच माणसं आणि इकामा एकट्या मुलाचा.

पुलावर कधी जायचं हे सूनबाई ठरवायची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने तारखांना गोल केलेले. नव्वदावा दिवस ती कधीच धरत नसे, चार-पाच दिवस हाताशी राखायची. "बाबा, सर्व्हर बंद पडला, सोनूला ताप आला, काहीही होऊ शकतं," ती म्हणाली. गुरुवारची संध्याकाळ तर अजिबात नाही. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला अख्खी सौदी बहरीनला निघते आणि पुलावर गाड्यांच्या रांगा लागतात. बहरीनचे व्हिसे तिने आठवडाभर आधी ऑनलाइन काढले. प्रत्येकाच्या पासपोर्टमध्ये त्याचा छापील कागद घालून, वर रबरबँड लावून, सगळा गठ्ठा आपल्या पर्समध्ये ठेवला.

सोमवारी पहाटे निघालो. टोल भरून पुलावर चढलो की दोन्ही बाजूंना उथळ, हिरवट पाणी. मधल्या बेटावर खिडकीमागून खिडकी: आधी सौदीची, मग बहरीनची. बहुतेक काम गाडीत बसूनच. सूनबाई खिडकीतून गठ्ठा पुढे करते, आतला माणूस एकेक चेहरा पाहतो. नातवाला सगळं पाठ. त्याच्या पासपोर्टचा नंबर आला की तो सांगायच्या आधीच टोपी काढून खिडकीकडे तोंड करतो. पाच वर्षांच्या पोराला सरहद्दीची ही शिस्त अंगवळणी पडलेली पाहून मला भरून आलं, आणि त्या शिस्तीचा रागही आला. या पोराने कोणाचं काय बिघडवलं होतं?

नुसतं गाडी वळवून परत येता यायचं, पण सूनबाई तसं करत नसे. एवढा पैसा खर्च होतो तर दिवस चांगला जावा, हा तिचा आग्रह. बहरीनमधल्या मनामाच्या जुन्या बाजारात दोनशे वर्षांचं श्रीनाथजींचं मंदिर आहे. तिथे दर्शन, मग रस्त्यावरच्या टपरीवर करक चहा, आणि उन्हं उतरायच्या आत परत. सौदीचा शिक्का मी भिंग लावून पाहिला. नाक्याचं नाव जिस्र अल मलिक फहद, तारीख हिजरी. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. इकाम्याची मुदत हिजरीत आणि घरातलं कॅलेंडर इंग्रजीत, या घोळात मुदत हुकलेली माणसं मला महाडातच भेटली आहेत. म्हणून सूनबाईच्या कॅलेंडरवर दोन्ही तारखा असत.

दुबईवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे नोकरी शोधायला व्हिजिटवर आलेल्यांची संख्या मोठी, आणि त्यांचा पूल म्हणजे किश. इराणचं हे बेट मुक्त व्यापाराचं. तिथे १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, आणि दुबईहून विमानाने ते तासाभराच्या आत. जुना व्हिसा संपला की किशला जायचं आणि नवा येईपर्यंत तिथे बसून राहायचं. पोलादपूरच्या एका गृहस्थांनी मला त्या दिवसांतले फोटो दाखवले. १९६६ मध्ये किनाऱ्याला रुतलेलं एक ग्रीक जहाज तिथे गंजत उभं आहे, आणि त्याच्यासमोर उभे राहिलेले सहा-सात तरुण, कोणी केरळचा, कोणी फिलिपिनो. "रोज संध्याकाळी जहाजावर जायचं नि रोज सकाळी हॉटेलात विचारायचं, फॅक्स आला का?" ते म्हणाले. १० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून येणारं किश एअरचं फोकर विमान शारजात उतरताना कोसळलं. ४६ पैकी ४३ जण गेले. नवा व्हिसा घेऊन परतणारे कामगार त्यात होते, भारतीयही होते. त्या अपघाताची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढे किशची सद्दी संपली. हत्ता नाक्यावरून बसने ओमानला जाऊन येणं किंवा विमानाने मस्कत गाठून विमानतळावरूनच नव्या व्हिसावर उलट फिरणं सुरू झालं. याला तिकडे ‘एअरपोर्ट टू एअरपोर्ट’ म्हणतात. थायलंडमध्ये राहणारे परदेशी लोकही हेच करत आले. कोणी मे साईचा पूल ओलांडून म्यानमारच्या ताचिलेकला जायचा, कोणी पेनांगला, कोणी व्हिएन्तियानला. पण त्यातले बरेच जण हवा मानवली, आयुष्य स्वस्त पडलं म्हणून राहिलेले. आमच्या माणसांशी त्यांची गणना एकत्र करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओमानचा विषय निघालाच आहे तर मध्हाबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. अमिरातीच्या मुलखाने चारी बाजूंनी वेढलेला हा ओमानचा तुकडा. आणि त्या तुकड्याच्या पोटात पुन्हा नहवा नावाचं गाव, ते शारजाचं! डोंगरातल्या एकाच रस्त्यावर अमिरात, ओमान, पुन्हा अमिरात. मध्हाच्या जाणत्यांनी फार पूर्वी ओमानच्या सुलतानाची बाजू धरली, म्हणून ही रचना झाली असं सांगतात. नकाशात मी हे ठिकाण किती वेळ न्याहाळलं असेल! पण तिथे ना चौकी, ना शिक्का. म्हणजे व्हिसाची मुदत संपत आलेल्या माणसाला दिवसभर सरहद्दी ओलांडूनही त्याचा काही उपयोग नाही. सरहद्द म्हणजे जमिनीवरची रेघ की खिडकीतला माणूस, या प्रश्नाचं इतकं रोखठोक उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

आता शिक्केही चालले. अमिरातीने २०२२ च्या एप्रिलपासून पासपोर्टवर रहिवासाचा स्टिकर लावणं बंद केलं, विमानतळावर यंत्रं चेहरा ओळखतात. मला याची चिंता वाटते ती एवढ्यासाठी, की आखाताच्या इतिहासात पुरुषांची नोंद करारात, पगारपत्रकात सापडेल. घरच्या बायकांची नोंद या शिक्क्यांखेरीज कुठेच नाही. कागद सांभाळणं, दिवस मोजणं, पोरांना उठवून गाडीत बसवणं हे सगळं त्यांनी केलं. पासपोर्ट रद्द झाला की कोपरा कापून मालकाला परत मिळतो, आणि आमच्याकडे तो रद्दीत जातो. बिरवाडीच्या भाभींच्या पासपोर्टच्या पानापानाची छायाचित्रं मी काढून ठेवली आहेत.

आमच्या सूनबाईचा हिशेब नातू पहिलीच्या वयाचा झाला तेव्हा संपला. चौकशी केलेल्या शाळेने त्याचा इकामा मागितला, आणि व्हिजिटवरच्या मुलाकडे तो असतो कुठे? मुलाने फीचा आकडा मांडून पाहिला, तो बसेना. जूनमध्ये मायलेक बिरवाडीला आली. नातू इथल्या शाळेत जातो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती त्याला घेऊन जुबैलला जाते आणि शाळा उघडायच्या आत परतते. पन्नास दिवसही होत नाहीत, त्यामुळे पुलावर जायची वेळ येत नाही.