दोन फुटांची टाकी आणि हद्दीची भांडणं

जळगाव-धुळ्यात घराघरांतल्या दोन फुटी टाक्यांत एंजल, पॅरट, ऑस्कर आणि भाग्य उजळावं म्हणून आणलेला फ्लॉवरहॉर्न हे मासे हमखास दिसतात. हे चारही सिक्लिड कुळातले. जागा धरायची आणि ती राखायची, हा या कुळाचा स्वभाव. थोड्याच दिवसांत कुणाचे तरी पंख फाटतात, कुणी वरच्या कोपऱ्यात दबून राहतो, आणि मग ऐकीव उपाय सुरू होतात.

'भुकेने भांडतात, खाणं वाढवा' हा त्यातला पहिला. भांडण खाण्याचं नसून तळाच्या जागेचं असतं. जास्तीचं खाणं कुजून अमोनिया वाढतो, आणि आपल्याकडच्या अल्कधर्मी पाण्यात तो अधिक घातक ठरतो. पाण्याचा पीएच 7 वरून 8 वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. उष्णतेने त्यात आणखी भर पडते.

'मासा टाकीच्या मापानेच वाढतो' हे तर दुकानातही ऐकायला मिळतं. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न पूर्ण वाढले की फूटभर लांब होतात. लहान टाकीत त्यांची वाढ खुंटते ती खराब पाण्यामुळे, आणि तो आजार असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी 57 लिटरच पाणी मावतं. फूटभर माशाला तिथे धड वळताही येत नाही. फ्लॉवरहॉर्न हा 1990 च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला मासा. त्याच्या डोक्यावरच्या उंचवट्याचा घरातल्या बरकतीशी काही संबंध नाही. त्याला मोठी टाकी हवी आणि तीत तो एकटाच हवा.

सगळ्यात जास्त मासे मरतात ते 'एकटा आहे म्हणून चिडतो, जोडीदार आणा' या सल्ल्याने. नर-मादी सोबत सोडले म्हणजे जोडी जमतेच असं नाही. जमली नाही तर दुबळ्याला पळायला जागा नसते आणि दोन-चार दिवसांत तो मरतो. जमली तर अंडी घातल्यावर दोघं मिळून उरलेल्या सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंडतात. शांत समजली जाणारी एंजलची जोडीही याला अपवाद नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची, त्यांची जोडी त्यांनाच निवडू द्यायची आणि उरलेली वेळीच दुसरीकडे हलवायची. एवढी तयारी नसेल तर एकच मासा ठेवा. एकटेपणाने तो झुरत नाही.

'गर्दी केली की मारामारी थांबते' हे अर्धसत्य आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या रंगीत सिक्लिडना चार फुटांच्या टाकीत, दमदार फिल्टरवर, एका नरामागे तीन-चार माद्या अशा हिशेबाने दाटीने ठेवलं तर राग अनेकांत विभागला जातो. दोन फुटांत हाच प्रयोग केला तर सगळेच जखमी होतात.

आता बोअरचं पाणी. खान्देशात अनेक ठिकाणी ते जड असतं, म्हणून लोक सरसकट आरओचं पाणी घालतात. पण मलावी आणि टांगानिका या सरोवरांचं पाणी मुळातच जड आणि अल्कधर्मी आहे, त्यामुळे तिथल्या माशांना आरओची गरज नसते. लहान टाकीसाठी टांगानिकाचे शंखात राहणारे, जेमतेम दोन इंचांचे सिक्लिड मला सर्वांत योग्य वाटतात. ते सगळीकडे मिळत नाहीत, सांगून मागवावे लागतात. पण वाळूचा थर आणि रिकामे शंख दिले की दोन फुटांत त्यांची वसाहत नांदते. रॅमसारख्या मऊ पाण्याच्या माशाला मात्र आरओची मिसळ लागतेच.

उन्हाळ्यात अधिक लक्ष द्या. भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांवर जातो. पाणी 25 अंशांवरून 35 वर गेलं की त्यात मावणारा प्राणवायू साधारण सव्वाआठवरून सात मिलिग्रॅम प्रति लिटरवर येतो, तर माशाची गरज उलट वाढते. खाणं निम्मं करा, टाकी खिडकीजवळून हलवा आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा एअरपंप हाताशी ठेवा.

नवा मासा सोडताना दगड आणि कुंडीचे तुकडे हलवून पुन्हा मांडा. जुन्याची हद्द मोडते आणि सगळे नव्याने जागा शोधू लागतात. दिवा बंद करून सोडणं बरं. तरीही कुणी सतत मार खात असेल तर 'होईल सवय' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मध्ये जाळी घाला.

शेवटचा गैरसमज पुण्याईचा: भांडखोर मासा मेहरूण किंवा नकाणे तलावात, नाहीतर गिरणा नदीत सोडला की त्याला जीवदान मिळतं. 1952 मध्ये भारतात आणलेला टिलापिया, म्हणजे उजनीकडची चिलापी, हाही सिक्लिडच. तो देशभरच्या तलावांत पसरला आणि स्थानिक माशांच्या जागेवर आणि खाद्यावर हक्क सांगू लागला. नको झालेला मासा दुकानदाराला परत करा किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या. तलावात किंवा नदीत कधीही सोडू नका.